कर्ता

मंगळवारी सकाळी नऊला तह असतात.
टेकडीवरची इमारत, तिसरा मजला,
खिडकीतून अ‍ॅबरिस्टविथचा अख्खा समुद्र दिसतो,
पण डॉ. गेथिन आल्या आल्या पडदे ओढतात,
समुद्र दिसला की मुलं सार्वभौमत्वाकडे लक्ष देत नाहीत म्हणून.

तिथे कुणी काही करत नाही.
निर्बंध लादण्यात येतात.
तीव्र चिंता व्यक्त करण्यात येते.
सीमा निश्चित करण्यात येते, आणि त्यानंतर
काही लोकसंख्येचं स्थलांतर घडून येतं,
थंडीत ओठ फुटतात तसं, आपोआप.
मला ही भाषा आवडते, खोटं कशाला बोलू.
इस्त्री करून टांगलेल्या सदऱ्यासारखी,
आत कुणाचं अंग नाही.

दुपारी दोनला उतार उतरून
चर्चमागच्या खोलीत जायचं.
तिथे मॉर्व्हिथ, स्वेटरभर कुत्र्याचे केस,
आमच्या गोष्टी पेन्सिलीने वाचते.

माझ्या गोष्टीत एक ट्रक होता.
होलीहेडचा धक्का, मार्चमधला शुक्रवार,
हॉलंडहून डब्लिनला निघालेली ट्यूलिपची खोकी
मातृदिनाच्या रविवारसाठी.
ड्रायव्हर लिथुआनियाचा, व्हिगांटास नावाचा.
एका फॉर्मवर एक आकडा चुकलेला.
मी लिहिलं होतं:
ट्रकला बोटीवर प्रवेश नाकारण्यात आला.

मॉर्व्हिथने खाली रेघ ओढली.
समासात तीनच शब्द:
कर्ता कुठे आहे?

हेच वाक्य सकाळच्या निबंधातही होतं, जसंच्या तसं.
डॉ. गेथिनांनी त्यावर बरोबरची खूण केली होती,
फक्त एक तळटीप मागितली होती.

कर्ता कुठे आहे.
कर्ता घरी आहे.
रात्रपाळीवरून येऊन
बुटांच्या नाड्यांशी झटत असेल आत्ता.
आमच्या घरातला एकुलता एक कर्ता माणूस,
कारखाना बंद पडल्यावर बोटीच्या कंपनीत लागलेला,
पिवळं जाकीट, हातात स्कॅनर,
ज्याच्या पगारावर मी तह शिकते.

तीन आठवडे मी 'यंत्रणा' लिहून पाहिलं.
'संबंधित अधिकारी' लिहून पाहिलं.
'पिवळं जाकीट घातलेलं कुणीतरी' इथवर आले,
तर मॉर्व्हिथ म्हणाली, जाकीट कुणाचं?

रविवारी फोन केला.
म्हटलं, गोष्टीतलं एक वाक्य वाचून दाखवू?
आमच्या वेल्शमध्ये क्रियापद आधी येतं,
माणूस मागून येतो.
मी 'परत पाठवलं' एवढं म्हटलं
आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला.

तिकडे किटली उकळायला लागली होती.
ती बंद झाल्याचा आवाज आला.
मग बाबांनीच वाक्य पुरं केलं:
मी.

आणि ट्यूलिप नव्हती ती, म्हणाले, फ्रीझिया होती.
मागचं दार उघडलं तर एवढा वास, एवढा वास,
अंधारात सगळी उमलून बसलेली.
दोन रात्री थांबला होता बिचारा.
मी चहा नेऊन दिला त्याला, दोनदा,
तेही लिही.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, नको.
चहाचं नको लिहू.

गुरुवारी दोन्ही द्यायचंय, निबंध आणि गोष्ट.
गोष्टीत ट्यूलिप खोडून फ्रीझिया केलं.
निबंधात वाक्य तसंच आहे, इस्त्रीचं,
डोक्यावर बारीकसा चार.
खाली पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
४. दूरध्वनीवरील संभाषण, रविवार. माझे वडील.

चहाचं अजून ठरत नाही.